अळणी नवस

गिरणी बंद पडल्यावर ह्यांना लग्नांच्या स्वयंपाकात काम मिळालं. चुलीपाशी उभं राहून सांबार ढवळायचं. मुहूर्ताचे दिवस संपेपर्यंत टिकले तर मुख्य आचारी कायमचं ठेवून घेणार होता. तोवर मीठ खाणार नाही असा मी देवीला नवस बोलले. हे म्हणाले, "तू अळणी गिळणार आणि मी चवीनं खाऊ? मलाही तेच वाढ." मला फार बरं वाटलं. तिथंच चुकलं.

पापनाशम गावातल्या एका लग्नात मी मागच्या पडवीत भाज्या चिरत होते. ऊन असं की विळीचं पातं तापलेलं. हे सकाळपासून घामानं निथळत होते आणि तांब्यामागून तांब्या साधं पाणी पीत होते. एकदम पळी सोडून खाली बसले, पोटरी धरली. मी हात लावला तर दगडासारखी घट्ट, कातडीखाली उडत होती. मग पोटातही पेटका आला. अंग ओलं होतं, पण ताप नव्हता. बोलणंही सरळ होतं.

आम्ही तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले मराठी, हे आचाऱ्याला ठाऊक होतं. "राजवाड्यातले पाय," तो म्हणाला, "चुलीपुढे कुठले टिकतात!" सगळे हसले.

मी आणखी पाणी आणायला धावले. नारळ खोवणारी अक्का माझ्यावर ओरडली, "नुसतं पाणी किती पाजशील? घामातून मीठ गेलंय त्याचं. जेवणात मीठ घालतेस ना?"

मी तांब्या खाली ठेवला. हेच हळू म्हणाले, "नाही, अक्का."

"दोघंही वेडी!" तिनं ह्यांना सावलीत नेऊन बसवलं, सदरा सैल केला, पाय सरळ करून चवडा हलकेच गुडघ्याकडे ओढून धरला. मला मीठ घातलेलं पातळ ताक घोटघोट पाजायला लावलं. "तासाभरात उतरलं नाही तर डॉक्टर. आणि आज परत चुलीकडे जायचं नाही."

थोड्या वेळानं पोटरी सैल पडली. हे लगेच उठू लागले. "बसा ना," मी म्हटलं, पहिल्यांदाच चारचौघांत, मोठ्यानं. चुलीपाशी दुसरा माणूस पळी घेऊन उभा होता.

पुढच्या लग्नाचा निरोप आला नाही. हे स्वतः जाऊन विचारून आले आणि चपला न काढता ओट्यावर बसून राहिले. नवस माझा होता. त्यांना कामावरून उठवलं तेही मीच.