सोन्याच्या थरातला उपरा उजेड

देवराव हिवरकर सरांची माझी पहिली भेट वर्ध्याच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत झाली. मी अल्लीपूरहून पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत आले होते. नावगाव विचारण्याआधीच सरांनी सोन्याचा पातळ थर चढवलेली एक काचपट्टी हातात दिली. "खिडकीकडे धरून पाय. काई दिसून राह्यलं का?" मला काहीच दिसले नाही, तसे मी सांगितले. तेवढ्यावर त्यांनी मला विद्यार्थिनी म्हणून ठेवून घेतले.

सरांचा विषय सांगायला सोपा आहे. अशा थराला प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक छिद्रे पाडली, तर त्यांतून उजेड जवळपास येऊच नये. पण छिद्रे ठरावीक अंतरावर ओळीने असली, तर एखाद्या रंगाचा उजेड छिद्रांच्या मापाहून जास्त येतो, कारण तो धातूच्या पृष्ठभागावरून सरकत छिद्रांपाशी गोळा होतो. किती जास्त, हे मोजण्यात सरांची हयात गेली.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी आमच्या थरातून कुणाच्याच गणितात न बसेल इतका जास्त उजेड आला. परिषदेत निबंध वाचायचे ठरले. सरांच्या नावावर मोठा शोध लागणार म्हणून आर्वीहून त्यांच्या घरचे पेढे घेऊन आले. सरांनी पेढे बाजूला ठेवले आणि छिद्रे न पाडलेला थर यंत्रात लावायला सांगितले. त्यातूनही उजेड आला!

दिवस जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या, हंगामाचे होते. उडत आलेले कापसाचे तंतू काचेवर बसत, सोने त्यांच्यावर चढे आणि तंतू झडला की तिथे भोक उरे. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहून सर म्हणाले, "हा उजेड आपला नाई, कपाशीचा हाय." मी रडकुंडीला आले.

"काऊन रडून राह्यली? छापल्यावर समजलं असतं तं?"

त्यांनी निबंध मागे घेतला. मग खिडक्यांना ओल्या चादरी बांधून, निवृत्तीनंतरही आर्वीहून एसटीने येऊन, त्यांनी माझ्याबरोबर सगळे थर नव्याने केले. उत्तर बेताचेच, गणितात बसणारे निघाले. त्यावर लिहिलेल्या नव्या निबंधावर सरांनी माझे नाव आधी घातले.

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. मोठा शोध त्यांच्या नावावर नाही. त्याचे त्यांना काही वाटत नाही. मला मात्र त्याचे वाटते, आणि ते इथे लिहून ठेवते. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या कामात खोट काढायला ते असेच हजर राहोत. त्यांनी "ठीक हाय" म्हटल्याशिवाय मला आजही माझ्या उत्तरावर विश्वास बसत नाही.