पायाशी पडलेली सावली

तुळजापुरात देवळाच्या वाटेवर एक फोटोवाले तिकाटण्यावर कॅमेरा मांडून उभे असायचे. फेट्याचा तुरा कायम डावीकडं कललेला. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, तरी माणसं कॅमेऱ्यापुढं फौजदारासमोर उभी असल्यासारखी ताठ व्हायची. मग ते म्हणायचे, "अंग सैल सोडा. फोटो हाय, जबानी न्हाय." माणूस हसायचं आणि तेवढ्यात फोटो निघायचा. ते हसू टिपणं दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

त्यांच्या कामात खोट एकच. ऊन पाठीशी घेऊन उभे राहायचे, म्हणून त्यांची सावली गिऱ्हाइकाच्या पायाशी यायचीच. कुणी कुरकुरलं, तर म्हणायचे, "आलो म्या बी तुमच्यासंगं. काय बिघडलं?"

ते गेले त्या वर्षी अणदूरला खंडोबाच्या जत्रेत आम्ही त्यांचे फोटो दोरीला टांगून प्रदर्शन मांडलं. त्यांचा स्वतःचा मात्र एकही फोटो सापडला नाही. मला लई हळहळ वाटली. काही फोटो काचेवर उतरवून घेतले होते. संध्याकाळी तंबूतल्या सिनेमावाल्यानं ते खेळाआधी पडद्यावर दाखवले. लोक आपापली माणसं ओळखून ओरडत होते.

माझ्यापुढंच, बायकांत, त्यांची सून बसली होती. पडद्यावर कुणी अनोळखी जोडपं आलं. त्यांच्या पायाशी सावली पडली होती, फेट्याचा तुरा डावीकडं कललेला.

सुनेनं झटकन डोक्यावर पदर ओढला.

शेजारणीनं विचारलं, "काय गं?"

ती हळूच म्हणाली, "मामंजी हायत की."