वाटीमागचं दुखणं

मिस्त्रींनी चाळीस वर्षं फरशी बसवली, म्हणजे चाळीस वर्षं गुडघ्यांवर काढली. बसवलेली प्रत्येक फरशी ते हातोडीच्या दांड्याने ठोकून, कान देऊन ऐकत. पोकळ आवाज आला की उचललीच. या कानाचा त्यांना भारी तोरा होता.

ठेकेदार रोज सकाळी विचारायचा, "कुणाचे गुडघे दुखतायत का?" जो हो म्हणेल त्याला तो गोड बोलून घरी पाठवायचा आणि पुन्हा बोलवायचा नाही. त्यामुळे "नाही" हा शब्द मिस्त्रींच्या जिभेवर असा काही बसला, की गुडघ्याला विचारायची तसदी ती घेतच नसे.

शेवटी डावा गुडघा पार कामातून गेला. डॉक्टरांनी प्लास्टिकचा सांगाडा पुढ्यात ठेवला.

"सांध्याची दोन्ही टोकं बदलायची हे पक्कं. प्रश्न गुडघ्याच्या वाटीचा आहे. तिच्या मागे प्लास्टिकची चकती बसवता येते, किंवा वाटी आहे तशी ठेवता येते. बसवली तर वाटी पातळ होते, क्वचित तडकते. नाही बसवली तर काहींना पुढून दुखत राहतं. मी माणूस बघून ठरवतो. जिना उतरताना वाटीमागे दुखतं का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

शेजारी बसलेल्या बायकोने चमकून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरून हा माणूस दोन वर्षं कठडा धरून, पाठमोरा उतरत होता. पण परक्यासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, म्हणून ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

ऑपरेशन छान झालं. "वाटी थोडी झिजली होती," डॉक्टर म्हणाले, "पण तुम्हाला त्रास नव्हता, म्हणून ठेवली."

चार महिन्यांत बाकी सगळं दुखणं गेलं. जिन्यावर मात्र वाटीमागे करकर व्हायची आणि कळ डोक्यात जायची. मिस्त्रींचं खाली जाणं आठवड्यावर आलं, मग बंदच झालं. एका दुपारी बायको खोलीत आली, तर ते खाटेवर बसून हातोडीच्या दांड्याने वाटी हलकेच ठोकत होते. मान वाकवून, कान देऊन.

"काय करताय हो?"

"काही नाही."

पुन्हा एकदा ठोकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते घाबरले होते, आणि त्यांना घाबरलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"डॉक्टरांना या खेपेला खरं सांगायचं," ती म्हणाली. "नाहीतर या घरातून तुम्ही पुन्हा खाली उतरणार नाही."

"सांगतो ना."

दवाखान्यात जायला तीन मजले उतरताना अर्धा तास गेला. आत डॉक्टरांनी फाइल उघडली आणि तेवढ्यात बायकोला कसल्याशा सहीसाठी बाहेर बोलावलं.

"आता उजवा गुडघाही झिजलाय, त्याचं बघू," डॉक्टर म्हणाले. "आणि डाव्याच्या वाटीमागे दुखतं का? दुखत असेल तर चकती अजूनही बसवता येईल. उजव्यालाही बसवू."

मिस्त्रींनी हो म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

"नाही," जीभ म्हणाली.

डॉक्टरांनी तसं लिहून फाइल मिटली. मिस्त्री फाइलकडे बघत राहिले. आता बोलावं, असं त्यांना आतून फार वाटलं, पण ते उठले.

बाहेर बायको वाट बघत होती. "सांगितलंत ना?"

"हो."

दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी कठडा धरला आणि तिच्याकडे न बघता पाठ फिरवून उतरायला लागले.