कुसाबाईंचं नाक आणि करपलेलं खोबरं

चैत्र लागला की आमच्या घरात सर्दीचं नावसुद्धा काढायचं नाही. सासूबाईंना ते चालत नाही. नाशिकच्या अंबडला कंपन्यांच्या मागच्या अंगाला आमचं मसाला कांडप आहे. पुढे गाळा, मागे दोन खोल्या. मार्च ते मे सिडकोतल्या बायका मिरच्या, धने, खोबरं घेऊन आमच्याकडे रांग लावतात. नुसतं कुटून द्यायला छप्पन्न जण बसलेत. त्या येतात ते सासूबाईंच्या भाजणीसाठी. आणि सासूबाई, म्हणजे कुसाबाई, भाजतात नाकाने. घड्याळ नाही, काही नाही. कढईवर वाकायचं, एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचं, उतरव.

मी तृप्ती, त्यांची सून. बी.कॉम. आहे आणि तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन आले तेव्हा त्यांची एक सवय मला फार झोंबायची. कुणी मिरचीची पिशवी आणली की त्यातली एक उचलायच्या, देठाशी मोडायच्या, चिरून उजेडात धरायच्या आणि आत बघायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो लालभडक माल आहे. त्या म्हणायच्या, वरून लाल असंल, आतून बुरशी हाय का ते बघू दे. मला लाज वाटायची. समोरच्या बाईवर इतका अविश्वास दाखवायचा म्हणजे काय! वणीजवळच्या खेड्यातून आलेली चौथी पास बाई, पण त्यांचा हा नियम कुणासाठी म्हणून कधी बदलला नाही.

आता शटरचं सांगते. आमच्या गाळ्याचं शटर दोन महिन्यांपासून सैल झालेलं. वर राहत नव्हतं म्हणून त्याला दांडक्याचा टेकू द्यायचो. माझा नवरा योगेश कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करतो, आणि घरच्या शटरला म्हणे रविवारी बघतो. असे आठ रविवार गेले. एका सोमवारी सकाळी चाळणी उचलायला वाकलेल्या सासूबाईंचा धक्का त्या दांडक्याला लागला. त्या उठायला आणि शटर यायला एकच गाठ पडली. कड थेट नाकावर बसली.

रक्ताची धार लागली. मी त्यांचं डोकं मागे धरायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. म्हणाल्या, मागं केलं की रक्त पोटात जातं. स्वतः पुढे वाकल्या, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि परातीवर तोंड करून दहा मिनिटं तशाच बसल्या. मग आम्ही जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे एक्स-रे काढला. हाडाला बारीक चीर आहे, गोळ्या घ्या, बर्फ लावा, सूज उतरली की पाच दिवसांनी या, असं सांगितलं. आम्हाला हायसं वाटलं. योगेशने तर वाटेत उसाचा रसही पाजला सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी नाक बटाट्याएवढं झालेलं, डोळ्यांखाली काळंनिळं. तरी बाई कढईपुढे उभ्या. अंबूबाईंचं खोबरं भाजायला घेतलेलं. अंबूबाई म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, उत्तमनगरहून येतात. मी आत भाकरी टाकत होते, आणि मला आतपर्यंत करपल्याचा वास आला. बाहेर धावले तर अंबूबाई पदर नाकाला लावून बसलेल्या, आणि सासूबाई धुरात वाकून शांतपणे उलथणं फिरवतायत. मी गॅस बंद केला. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कढईत.

"करपलं का?" त्यांनी मला विचारलं.

सहा वर्षांत भाजणीबद्दल त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी काय केलं असेल? त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, असू द्या आई, काळा मसाला आहे, मिरचीत कळायचं नाही. आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते. त्या माझ्याकडे न बघता अंबूबाईंपुढे गेल्या. माझं नाक बंद पडलंय, तुझं खोबरं मी जाळलं, दुसरं आणून देते, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग एका पोत्यावर जाऊन बसल्या. या बाईला घाबरलेलं मी तोवर कधीच बघितलं नव्हतं. चेहऱ्याचं त्यांना काही नव्हतं. वास गेला तर कुसाबाई म्हणून उरायचं काय, ही ती भीती होती.

संध्याकाळी घरात पंचायत बसली. त्यांचे भाऊ, खंडेरावमामा, वणीहून आले होते. सुरगाण्याकडे एक हाडवैद्य आहे, त्याने मामांचं मोडलेलं मनगट असं बसवलं की आजही ते पाण्याच्या घागरी उचलतात. मामांचं म्हणणं, उद्या पहाटे निघू, एका झटक्यात नाक जागेवर येईल. योगेश म्हणाला, डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेत तर पाच दिवस थांबायचं. मीही फोनवर वाचून ठेवलेलं, की सुजेत हाड बसवत नाहीत, म्हणून मी नवऱ्याची री ओढली. तिघेही आपापल्या जागी शहाणे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या फोटोत काय दिसलं? योगेश म्हणाला, हाड.

"आन आत? नाकात बत्ती धरून आत कुणी बघितलं?"

कुणीच बघितलं नव्हतं. 

"म्हंजी मिरची न मोडताच घेतली तुम्ही," त्या म्हणाल्या. "हाड वाकडं राहिलं तर राहू दे, मला काय आता बघायला येणार नाय कुणी. पण दोन्ही नाकपुड्या बूच मारल्यागत बंद हायेत. का बंद हायेत, ते मला उद्या कळलं पाहिजे."

मामा रुसले. त्या त्यांना म्हणाल्या, दादा, तुझा हात त्यानं बाहेरून बसवला, त्याचा गुण खरा. पण नाकाच्या आत त्याचं बोट जात नाय. मामांनी पानाचा डबा बंद केला आणि उठून आत गेले.

बुधवारी सकाळी नाशकात शालिमारच्या बाजूला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. संध्या नावाच्या तरुण डॉक्टर, माझ्याच वयाच्या असतील. योगेश एक्स-रेचं पाकीट पुढे करत होता, त्यांनी ते टेबलावर ठेवून दिलं. कपाळावर दिवा बांधला आणि आधी आतच बघितलं. कापसाच्या काडीने नाकाच्या मधल्या पडद्याला दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं. नाकातून पाण्यासारखं काही गळतं का, दिसायला दोन-दोन दिसतं का, तेही विचारलं. मग आम्हाला समजेल असं सांगितलं. मधल्या पडद्यात कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड असतं, तिच्यावरच्या आवरणाखाली रक्त साचून दोन्हीकडे फुगा आलाय. कूर्चेला पोषण त्या आवरणातून मिळतं. रक्त तसंच राहिलं तर कूर्चा सडते, पू होतो, नाक मधोमध खचतं. ते आजच काढायला हवं. हाडाची मात्र घाई नाही. सूज उतरली की परत बघू आणि बसवायचं ठरलं तर दोन आठवड्यांच्या आत बसवू.

योगेशने विचारलं, पाच दिवस थांबलो असतो तर? डॉक्टर म्हणाल्या, आज आलात ते बरं केलंत. योगेशने मान खाली घातली. मला तेव्हा त्याला शटरवरून चांगलं सुनवायचं होतं, पण री मीही ओढली होती, म्हणून गप्प बसले.

सासूबाईंनी एकच विचारलं, वास येईल का. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, वाट मोकळी करणं माझ्या हातात आहे. वासाचं वचन मी देत नाही."

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, खोटं बोलली नाय, हिच्याकडंच करायचं.

नाक बधिर करून रक्त काढलं, आत पट्ट्या भरल्या. त्या आठवड्यात बाई तोंडाने श्वास घेत खुर्चीवर बसायच्या आणि कढईपुढे मला उभं करायच्या. म्हणाल्या, माझं नाक बंद हाय, तुझं तर उघडं हाय ना? दगडफूल कधी उतरवायचं, धन्याचा कच्चा वास कुठे संपतो, सगळं माझ्याकडून करून घेतलं. मी दोनदा तीळ जाळले आणि दोनदा बोलणी खाल्ली. बी.कॉम.चा उद्धार झाला.

पट्ट्या निघाल्या, सूज उतरली. नाक डावीकडे कललेलं दिसायला लागलं. योगेश म्हणाला, जाऊ दे ना आई, या वयात आणखी भूल कशाला?  त्यांनी माठातल्या पाण्यात स्टीलची ताटली बुडवली, पुसली आणि नाकाखाली धरली. उजवीकडे वाफेचा ठिपका पुरीएवढा आला, डावीकडे जेमतेम बिंदीएवढा. तीनदा धरली, तिन्ही वेळा तेच. ताटली योगेशच्या पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, वाकडं दिसतंय म्हणून नाय, श्वास अडतोय म्हणून बसवायचं. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. लागल्यापासून दहाव्या दिवशी भूल देऊन हाड बसवलं, वरून छोटं प्लास्टर घातलं. शटर तोवर योगेशने दुरुस्त केलं होतं, रविवारची वाट न बघता.

वासाचं आम्ही कुणीच विचारत नव्हतो. प्लास्टर निघालं तरी नाही. एका सकाळी मी बघितलं, सासूबाई हिंगाची डबी उघडून नाकाशी धरून उभ्या होत्या. खूप वेळ उभ्या होत्या. मग झाकण लावलं, डबी जागेवर ठेवली आणि झाडायला घेतलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मे संपत आला. अंबूबाई नवं खोबरं घेऊन आल्या. कढईवर मी, आणि सासूबाई लांब दाराशी, माझ्याकडे पाठ करून मिरच्या मोडत बसलेल्या.

"उतरव," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाशी बोलतायत. खोबरं नुसतं बदामी झालेलं, मला अजून कसलाच वास आला नव्हता.

"तृप्ते, उतरव म्हणलं ना."

मी कढई खाली घेतली. तेव्हा कुठे मला तो गोडसर वास आला, करपायच्या अगदी अलीकडचा. मी वळून बघितलं. त्यांनी मान वळवली नव्हती. हातात देठ मोडलेली मिरची तशीच होती आणि खांदे हलत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि रडले, आणि अंबूबाईंना डोळ्यांत मिरची गेल्याचं निमित्त सांगायचंही विसरले.