पिशवीवरचा उभा टाका

माझ्या पोटात काय कापलंय हे बाकीच्यांना ठाऊक होतं, फक्त मला नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट, पण आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिलं बाळंतपण माहेरी, नांदगावला. मूल आडवं होतं म्हणून सिझर झालं. दुसरं रीतीप्रमाणे सासरी, निफाडला. दिवस भरून वर आठवडा गेला, तरी कळा येईनात. सासूबाईंना पितृपक्षाची घाई. डॉक्टरांना म्हणाल्या, "पितरं लागायच्या आत मोकळी करा हिला." जशी काही मी गोठ्यातली गाय! डॉक्टरांनी मागच्या ऑपरेशनचे कागद मागितले. ते व्याह्यांकडे, आता त्यांच्याकडे कोण मागायला जाणार, असं सासूबाईंचं म्हणणं. टाका तर पोटावर दिसतोय की, आडवा. डॉक्टरांनीही मान डोलावली आणि सकाळी कळांची सलाईन लावू म्हणाले.

माझा जीव थाऱ्यावर राहिना. सकाळी सुई टोचायच्या आधी मी उठले आणि कंपाउंडरच्या टेबलावरून वडिलांना फोन लावला, सलाईनचं सांगितलं आणि त्या कागदांत काय आहे ते विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, सलाईन नको हं. वरची कातडी आडवी कापलीय, पण आत पिशवी उभी कापलीय. पुन्हा कळा आल्या तर फाटेल, सरळ ऑपरेशनच करा, असं इथले डॉक्टर म्हणाले होते."

मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणे, तू घाबरली असतीस. जावईबापूंना तेव्हाच सांगून ठेवलंय.

जावईबापू माझ्यामागेच उभे होते, चहाचा थर्मास घेऊन. म्हणाले, "मला वाटलं, डॉक्टरांना कळतच असेल." शिवाय आईपुढे कसं बोलायचं? म्हणजे बायको मेली तरी चालेल, आईचा शब्द मोडायला नको!

मी फोन डॉक्टरांच्या हातात दिला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. लगोलग जीपमधून मला नाशिकला हलवलं. दुपारी ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी वाचलो. तिथल्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, जुना टाका इतका विरला होता की त्याला कळा सोसल्याच नसत्या.

त्या ऑपरेशनच्या आधी नर्सनं संमतीचा फॉर्म सवयीनं नवऱ्यापुढे धरला. त्यानं पेनही काढलं. मी स्ट्रेचरवरूनच हात लांबवून फॉर्म ओढून घेतला. नर्स म्हणाली, मिस्टरांची सही लागते.

"लागू दे," मी म्हणाले. "आधी मी वाचणार, काय कापणार ते. मग माझी सही. त्यांची राहिलेल्या जागेत."