गुडघ्याला बांधलेली चिठ्ठी

कुपीशी माझी ओळख झाली ती भांडणातून. माझं शिलाई मशीन टाके सोडत होतं. ते तिच्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानात ठेवून मी म्हटलं, "बघून ठेव, संध्याकाळी नेते." तिनं मशीनच्या मानेला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

"काय बिघडलंय ते तुम्ही लिहा, बाई. काय घेणार ते मी लिहिते. खाली दोघींच्या सह्या."

"अगं, मशीन आहे की जमिनीचं खरेदीखत?"

"खरेदीखतावर लोक न वाचता सही करतात. इथं वाचावं लागतं."

संध्याकाळी मशीन सुरळीत चालत होतं आणि बाजूला कागदाच्या पुडीत जुनं, झिजलेलं शटल बांधून ठेवलेलं होतं. मी म्हटलं, हे घेऊन काय करू? ती म्हणाली, "काहीही करा. पण काढलेला भाग गिऱ्हाइकाचा. मी तो खरंच बदलला, हे तुम्हाला एरवी कसं कळणार?" चाळीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून मला व्यवहाराची इतकी सोपी व्याख्या करता आली नव्हती. तेव्हापासून आमचं जमलं.

कुपी हे तिचं खरं नाव नव्हे. तेल घालायची लांब चोचीची कुपी कायम तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात असते, म्हणून सगळी गल्ली तिला कुपी म्हणते. तरुणपणी ती कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. मशीन बंद पडलं की मेकॅनिक तीन-तीन तास यायचा नाही आणि तेवढ्या वेळाचा पगार मात्र बायकांचा कापला जायचा. एके दिवशी तिनं स्वतःच मशीन उघडलं आणि दुरुस्त केलं. साहेबानं तिला शिस्तभंगासाठी काढून टाकलं. "काढलं ते बरं झालं," ती सांगते, "फक्त येताना त्यांचा स्क्रूड्रायव्हर चुकून खिशात राहिला." चुकून हा शब्द ती फार गोड उच्चारते.

गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा कामातून गेला. दुकानाची एकच पायरी, तीही तिला चौकट धरून चढावी लागे. डॉक्टर म्हणाले, सांधा बदला, नाहीतर वर्षभरात उभं राहून काम करणं विसरा. विमा होता, छोट्या दुकानदारांच्या संघटनेनं काढून दिलेला, आखूड सदऱ्यासारखा. खांदे झाकावेत तर पोट उघडं.

तिचा धाकटा भाऊ लगेच हजर झाला. भला माणूस आहे, पण घाबरट. आणि घाबरट माणसं दुसऱ्याच्या वस्तू विकायला फार तत्पर असतात. दुकानात काजं करायचं एक मोठं मशीन आहे. आसपासचे सगळे शिंपी काजं करून घ्यायला तिच्याकडेच येतात. तिची निम्मी कमाई त्यावर. भावानं त्याला गिऱ्हाईकसुद्धा शोधून आणलं होतं.

"ताई, विम्यावर भागणार नाही. मशीन काढून टाक. अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं."

"अरे शहाण्या, पाय पसरताच येत नाही, म्हणून तर ऑपरेशन करायचंय!"

"चेष्टा नको. कमी पडले तर कुठून आणशील?"

"आणि मशीन विकलं तर नव्या गुडघ्यावर उभी राहून करू काय? कवायत?"

तो गेल्यावर मात्र तिनं पॉलिसी माझ्यासमोर टाकली. "बाई, तुम्ही शिकलेल्या ना? मग वाचा."

वाचली. अठराव्या पानावरची एक ओळ मला तीनदा वाचावी लागली. खोलीचं दिवसाचं भाडं ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं, तर बिलातल्या बाकीच्या रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जातील. म्हणजे खोली दीडपट महागाची घेतली, तर डॉक्टरांची फी, भूल, शस्त्रक्रियागृह, सगळ्यातला तिसरा हिस्सा आपल्या माथी. मी उदाहरणं काढून समजावायला बसले, तर तिनं मला थांबवलं.

"कळलं. एकच पुली मोठी बसवायची, आणि फिरतं सगळंच वेगळं. आपण पुली बदलू द्यायची नाही. साधा वॉर्ड. तेवढं झालं की काजाचं मशीन वाचलं."

दाखल व्हायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी इस्पितळात पोचलो. विम्याच्या खिडकीत एक टायवाला तरुण होता. त्यानं कॉम्प्युटरकडे पाहिलंही नाही.

"साध्या वॉर्डात जागा नाही, मावशी. दोन खाटांची खोली देतो. दिवसाला थोडाच फरक पडतो."

"दिवसाला थोडा, आणि बिलाला केवढा?" कुपीनं विचारलं.

"ते विमा कंपनी बघेल."

"ती बघेलच. म्हणून मीही बघते. जागा होईपर्यंत बसते."

"आज नाही मिळाली तर ऑपरेशनची तारीख जाईल."

ही मात्र खरी धमकी होती. पुढची तारीख दोन महिन्यांनी होती. कुपीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तरी ती बाकावर जाऊन बसली, आणि मीही. माझ्या वयात बसून राहणं हा एकच व्यायाम मला उत्तम जमतो.

तासभर गेला. एक वयस्कर कामगार चाकाची खुर्ची ढकलत सारखा पुढून जात होता, आणि चाक असं किंचाळत होतं की दात आंबावेत. कुपीला ते सहन होईना. चौथ्या फेरीला तिनं त्याला अडवलं, पिशवीतून तेलाची कुपी काढली, दोन थेंब सोडले, चाक हातानं फिरवलं. आवाज बंद.

तो बघतच राहिला. "सहा महिने अर्ज करतोय मी याच्यासाठी! तुम्ही कुणाला भेटायला आलात?"

"मीच पेशंट. वॉर्डात जागा नाही म्हणतात."

"कोण म्हणतं? सकाळपासून तीन जणांना मीच खाली सोडलं. तीन खाटा मोकळ्या आहेत, चादरीसुद्धा बदलून झाल्या."

कुपी उठली. दुखरा पाय ओढत ती खिडकीशी गेली तेव्हा मला कारखान्यातला साहेब आठवला, मी त्याला कधी पाहिलेलं नसतानाही.

"वर तीन खाटा मोकळ्या आहेत."

"त्या... राखीव आहेत."

"कुणासाठी?"

तो समोरचे कागद चाळू लागला. मग मी पुढे झाले. "हे बघा, एका कागदावर लिहून द्या: साध्या वॉर्डात जागा नाही. खाली तारीख, सही, शिक्का. तो कागद आम्ही विमा कंपनीला पाठवतो. लगेच दुसरी खोली घेतो. लिहा."

तो माझ्याकडे बघत राहिला. विद्यार्थ्यांच्या अशा नजरा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पाच मिनिटांत वॉर्डातली खाट मिळाली, खिडकीजवळची. वर पोचताच एका मोहरबंद पिशवीत कंगवा, पावडर, साबण आणि सपाता आल्या. तिचे पैसे विम्यात धरत नाहीत, म्हणून कुपीनं ती न फोडता परत पाठवली. "कंगवा घरून आणलाय. केस आहेतच किती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन फेरीला आले. चादर बाजूला केली, तर उजव्या गुडघ्याला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. परिचारिका तोंडावर हात ठेवून हसली. सर्जननी चिठ्ठी वाचली. तिच्यावर होतं: उजवा गुडघा. ठरलं तेवढंच काम. वेगळं काही निघालं तर आधी विचारावं. काढलेला भाग परत.

"हाड देता येत नाही, नियम आहे," ते म्हणाले.

"मग काय बसवलंत ते मला कसं कळणार?"

"नव्या सांध्याच्या खोक्यावरचं लेबल, नंबरासकट, तुमच्या कागदावर चिकटवतो. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे देतो."

"चालेल. आणि मध्येच काही वेगळं निघालं तर?"

"वेळ असेल तर बाहेर या बाईंना विचारीन. जिवाचा प्रश्न असेल तर थांबणार नाही. हेही लिहून घ्या."

तिनं लिहिलं. त्यांनी खिशातलं पेन काढून सही केली. चिठ्ठी शस्त्रक्रियागृहात नेता येणार नव्हती, म्हणून परिचारिकेनं ती फाइलला बांधली.

विम्यानं बरंचसं दिलं. जे नाकारलं ते कुपीनं आपल्या गल्ल्यातून भरलं. बिलातल्या दोन ओळींवर वाद घातला आणि त्यातली एक खोडून घेतली. दुसरीसाठी तिनं केलेली तक्रार अजून चालू आहे.

दीड महिन्यानं ती दुकानात परतली, काठी घेऊन, पायरी चौकट न धरता चढून. मागोमाग भाऊ आला.

"ताई, ते गिऱ्हाईक अजून विचारतंय. काय सांगू?"

कुपीनं काजाच्या मशीनकडे बोट दाखवलं. मानेला नवी चिठ्ठी लटकत होती: विकायचं नाही. खाली तिची सही, आणि शेजारी एक रिकामी जागा.

भावानं मुकाट्यानं पेन्सिल उचलली.

"आधी वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."