आई नापास, ठिकाण पास

‘हिची आई कुठं कुठं जाऊन आली आहे, ते विचारा. तेवढी ठिकाणं आधी बाद करा.’

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. रागानं नव्हे. हसत हसत.

टेबलावर गुळगुळीत कागदाची रंगीत माहितीपत्रकं पसरली होती. सिंगापूर, काठमांडू, गोवा, उटी. खाली हायवेवरून ट्रक गेला की खिडकीची काच थरथरायची. टेबलाशी आमचे रिजनल मॅनेजर, म्हणजे साहेब. दोन मोठे डीलर. मुंबईहून आलेला ट्रॅव्हल एजंट. आणि कोपऱ्यात मी. आमची कंपनी रंगाची. वर्षभरात सगळ्यांत जास्त रंग विकणाऱ्या दुकानदारांना ती बायकांसह सहलीला न्यायची. कुठं न्यायचं, ते त्या दिवशी ठरायचं होतं.

मला वाटलं, साहेब खरंच विचारतायत. मी उभी राहिले. शाळेत उभी राहायचे तशी. म्हटलं, ‘एकवीरा, सर. जेजुरी. शिर्डीला एकदा, टेम्पोनं. आणि मोरा बंदरातून लाँचनं भाऊच्या धक्क्याला.’

सगळे एकदम हसत सुटले. पनवेलचे डीलर शांतिलालशेठ तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. ‘भाऊचा धक्का तर पहिला काढा, साहेब!’

साहेबांनी हात वर केला. वर्गात समजावून सांगावं तसं म्हणाले, ‘हसू नका. मुद्दा समजून घ्या. बक्षीस म्हणजे काय? जिथं बाकीच्यांना जाता येत नाही, ते. गोव्याला एसटी जाते. उद्या ही आईला घेऊन एसटीत बसेल आणि गोव्याला उतरेल. मग आपल्या डीलरनं शेजाऱ्याला काय सांगायचं? गोवा बाद.’

गोव्याचं माहितीपत्रक टेबलाखालच्या टोपलीत गेलं. त्याच्यामागून उटीचं.

‘म्हणजे हिची आई नापास, तर ठिकाण पास!’ शांतिलालशेठ म्हणाले.

पुन्हा हशा. मी खाली बसले. चहा सांगायला मलाच बाहेर जायचं होतं. गेले. चार स्पेशल सांगितले. चारच. माझा धरला नाही.

अपमान कळला नाही, असं नाही. कळला. पण त्याला अपमान म्हणायची माझी छाती नव्हती. कारण ती नोकरी साहेबांनी दिली होती.

आमचं गाव गव्हाणच्या बाजूला, खाडीच्या काठी. घरात मिठागराचं काम. उन्हात वाफ्यातलं मीठ ओढायचं, ढीग घालायचे, पाट्या वाहायच्या. वडील लवकर गेले. आईनं ते काम सोडलं नाही. तिच्या पायांना भेगा होत्या आणि त्या कधी भरायच्या नाहीत, कारण रोज त्यांत खारं पाणी जायचं. मी गावातल्या शाळेत शिकले, मग पनवेलच्या कॉलेजात. बी.कॉम. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मुलाखतीत साहेबांनी माझं अक्षर पाहिलं आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाले, ‘गावातली पोरगी आहे, पण अक्षर बघा.’ त्या ‘पण’सकट मी ते वाक्य घरी नेलं. आईला सांगितलं. आई खूष झाली.

पहिल्या महिन्यात आई ऑफिसात आली होती. साहेबांसाठी सुकट आणि खडं मीठ घेऊन. आमच्याकडे उपकार फेडायची तीच रीत. जे घरात पिकतं, ते द्यायचं. तिनं चपला जिन्यात काढल्या आणि अनवाणी वर आली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. ‘मावशी, ते बाहेर ठेवा, बाहेर.’ आईनं पिशवी बाहेर ठेवली. संध्याकाळी ती शिपायानं आपल्या घरी नेली. आईला मी सांगितलं, साहेबांना आवडलं.

अशी कृतज्ञता. मी तिच्यात बुडालेली.

तर तो विनोद त्या दिवशी संपला नाही. रीत झाली. दर वर्षी सहलीचं ठिकाण निवडायला बैठक बसायची आणि दर वर्षी ठिकाणं माझ्या आईवरून पारखली जायची. दुसऱ्या वर्षी काठमांडू निघालं. एजंट म्हणाला, ‘सर, बसनेही जातात लोक. यात्रा कंपन्या नेतात.’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘काय गं, आई बसमध्ये बसून काठमांडूला पोचेल का?’

मी म्हटलं, ‘माहीत नाही, सर.’

‘पोचेल, पोचेल. पशुपतिनाथ म्हटलं की पोचेल. बाद.’

बाकी सगळं काम मीच करायचे. जैन जेवण मिळतं का. विमान थेट आहे का. बाजार हॉटेलपासून किती लांब. डीलरांच्या बायकांना साडी नेसून बोटीत चढता येईल का. पण ठिकाणाची शेवटची कसोटी यांतली कुठलीच नव्हती. शेवटची कसोटी माझी आई. ती जिथं जाऊ शकते ते स्वस्त. तिला जिथं जाताच येणार नाही ते भारी.

विनोद ऑफिसबाहेर गेला. शांतिलालशेठच्या दुकानात मी शेडकार्ड द्यायला गेले, तर गल्ल्यावरची त्यांची सून म्हणाली, ‘अय्या, ती आई म्हणजे तुमची का?’ वाईट मनानं नाही म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं. माझ्या आईला न बघता सगळ्या तालुक्यातले रंगवाले ओळखत होते. कुठंही न पोचणारी बाई म्हणून.

तिसऱ्या वर्षी हेड ऑफिसचं पत्रक आलं. विक्रीत पहिल्या आलेल्या ऑफिसातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांनाही डीलरांबरोबर सहल. सोबत घरातलं एक माणूस. पहिलं आलं होतं आमचं ऑफिस. नवीन पनवेल वाढत होतं, खारघरकडे खोदकाम चाललं होतं, इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीला रंग लागत होता. आमच्या मिठागरावर मुरुमाचा भराव पडायला लागला होता. त्या भरावावर उद्या जे उभं राहील, त्यालाही रंग आमचाच लागणार होता. तेव्हा हे असं जोडून मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी फक्त खूष होते.

घरातलं एक माणूस. मी आईचं नाव दिलं. ठिकाण बहुतेक सिंगापूर असणार होतं.

पासपोर्टच्या फोटोसाठी आईला पनवेलला आणलं. स्टुडिओवाला म्हणाला, ‘मावशी, कानावरचा पदर मागं घ्या. हसू नका.’ आई म्हणाली, ‘फोटो माजा हाय का तुजा?’ पण पदर घेतला मागं. हसायचं मात्र थांबली नाही. परत येताना एसटीत मला म्हणाली, ‘तिकरचा दर्या कसा आसंल? निला का आपल्यासारका काला?’

म्हटलं, ‘निळा असेल.’

‘मना बघायचाच हाय.’

आईनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एवढंच.

आठवड्यानं साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आईचा फोटो होता.

‘बस. हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. आईचं नाव मी काढलंय.’

मी बसले नव्हते. उभीच होते.

‘डीलर काय म्हणतील? वर्षभर घाम गाळून सिंगापूरला आलो आणि शेजारच्या खोलीत ही बाई? मग आमचं बक्षीस कसलं? तू विचार कर. तिथं लॉबीत संगमरवर असतो. ती अनवाणी चालणार. तिलाच अवघडल्यासारखं होईल. आपण असं करू, ऑफिसची गाडी देतो. शिर्डी करून आणा तिला. तिला तेच आवडेल. तुमच्या लोकांना देवदर्शनच आवडतं.’

आणि मी म्हटलं, ‘थँक यू, सर.’

सवयीनं निघालं तोंडातून. केबिनबाहेर आले आणि माझाच आवाज मला ऐकू आला. थँक यू, सर. माझ्या आईला तिच्या पायांवरून नाकारलं आणि मी आभार मानून आले.

संध्याकाळी घरी गेले. आई मासे साफ करत बसली होती. मी सांगितलं, तुझं नाव काढलं.

‘का?’

खोटं सांगता आलं असतं. तीन वर्षं सांगतच होते. त्या दिवशी नाही जमलं. सगळं सांगितलं. बैठक, आई नापास, ठिकाण पास. शेठ, त्यांची सून. शिर्डीची गाडी.

आईचे हात थांबले. मग म्हणाली, ‘खारीच्या पान्यान खुंटा मारतान ना बाय, भरती कवरी आली ते बघायला? तसा केला त्यांनी माजा. मी खुंटा. माज्यावरना ते बघतान, आपन कवरं वर आलो.’

मी रडायला लागले. तिनं डोळ्यांत पाणी आणलं नाही. मला जवळही घेतलं नाही.

‘रडू नको. मना नाय जायाचा तुज्या सिंगापूरला. दर्या नाय बघितला त मी काय मरत नाय. पन माजा नाव त्यांच्या तोंडान नको. ते तू बघ.’

ते तू बघ. एवढंच. आणि ती पुन्हा मासे साफ करायला लागली.

पुढची बैठक शुक्रवारी होती. सिंगापूर जवळपास नक्की झालं होतं, पण एजंटनं ऐनवेळी केरळ काढलं. हाउसबोट, खोबरेल तेलाचं मालिश, हत्ती. दर कमी. खोपोलीचे डीलर म्हणाले, ‘वाईट नाही केरळ.’

साहेब खुर्चीत मागं रेलले. ते रेलले की काय येणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शांतिलालशेठ आधीच हसायला लागले.

‘काय गं? आई केरळला पोचेल का?’

मी उठले नाही. बसूनच बोलले.

‘माझ्या आईचं नाव घेऊ नका, सर.’

‘अगं, गंमत चाललीये.’

‘गंमत असेल तर तुमच्या आईचं नाव घ्या.’

ट्रकचा आवाज. काच थरथरली. शांतिलालशेठनी तोंडाजवळ नेलेला कप तसाच धरून ठेवला. एजंट माहितीपत्रकं गोळा करायला लागला, जणू बैठक संपली.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मग लाल. ‘बाहेर जा.’

‘ठिकाण ठरलं नाही अजून. ते ठरलं की पुढचं काम मला करायचं आहे. मी बसते.’

आणि मी बसून राहिले. कुणी मला ओढून बाहेर काढणार नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते, त्यात नुसता आवाज होता. हात नव्हता. पाच मिनिटांत सिंगापूर ठरलं. त्या पाच मिनिटांत कुणी माझ्याकडे पाहिलं नाही आणि कुणी हसलंही नाही.

त्यानंतर व्हायचं ते झालं. सहलीतून माझंही नाव गेलं. ऑफिसातल्या दोघी समजवायला आल्या. ‘सॉरी म्हण आणि मोकळी हो. त्यांनीच तुला उभं केलं, ते विसरलीस?’ एक म्हणाली, ‘आईसुद्धा हसली असती गं, तिला सांगितलं असतंस तर.’ मी म्हटलं, ‘सांगितलं. नाही हसली.’

दुसऱ्या सोमवारी साहेबांनी बोलावलं. कोरा कागद पुढं सरकवला. ‘डीलरांसमोर माफी माग. नाहीतर राजीनामा लिही. तुला मी आणलं, हे लक्षात ठेवून बोल.’

माझ्या डोक्यात रात्रीपासून एकच गोष्ट फिरत होती. ह्या माणसानं मला नोकरी दिली, खरं आहे. मी त्या नोकरीत काम केलं, हेही खरं आहे. ह्यात आईला गहाण टाकायचं कधी ठरलं होतं? कुणी ठरवलं होतं? मी तर नाही. आणि तिनं तर नाहीच.

‘माफी मागणार नाही,’ मी म्हटलं. ‘राजीनामाही देणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा, सर. पण कारण लिहून द्या. बैठकीत तुम्ही काय बोललात आणि मी काय बोलले, ते सगळं लिहा. खाली सही करा. मी तो कागद घेऊन हेड ऑफिसला जाते.’

कागद त्यांच्या बाजूला परत सरकवला मी.

त्यांनी लिहिलं नाही. कळंबोलीच्या गोदामात बदली केली. पत्र्याचं छप्पर, टर्पेंटाइनचा वास, दिवसभर डबे उतरवायचा आवाज. गेले. तिथं मी नऊ ते सहा डब्यांचा हिशोब ठेवला आणि महिन्याच्या एक तारखेला पगार घेतला. घेताना मान खाली घातली नाही. थँक यू म्हटलं नाही. तो माझ्या कामाचा होता.

त्यानंतर मी आणखी दोन ठिकाणी नोकऱ्या केल्या. चांगली माणसं भेटली, वाईट भेटली. मदत केलेल्यांची मदत मी आजही नाकारत नाही. पण रुजू होताना प्रत्येक ठिकाणी मी पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट सांगून टाकते, कुणाला उद्धट वाटली तरी. कामाबद्दल मला काहीही बोला. चुकले तर झापा. माझ्या माणसांबद्दल, माझ्या गावाबद्दल, आमच्या पायांबद्दल एक शब्द निघाला, तर मी त्याच खोलीत, सगळ्यांसमोर उत्तर देईन. नंतर नाही. केबिनमध्ये नाही. तिथंच.